मदत करू नका, काका

४ मे

आकडा शून्य. म्हणजे कागदावर शून्य असं लिहीत नाहीत — मोजता येण्याच्या खाली, असं लिहितात. जानेवारीत प्रोस्टेट काढली. ती रक्तात जे सोडते ते आता रक्तात सापडायला नको. सापडलं नाही. सर्जन खूश!

मग त्याने चष्मा काढला. चष्मा काढणारे डॉक्टर मला आवडत नाहीत.

"काढलेल्या भागाच्या अगदी कडेपर्यंत पेशी होत्या. म्हणजे कडेपलीकडे असतीलच असं नाही."

नसतीलच असंही नाही. हे तो बोलला नाही. बायको बोलली, जिना उतरताना.

रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंना भेटायचं.

५ मे

लघवीचे पॅड आज दोन. काल तीन.

९ मे

डॉक्टरीणबाईंची खोली लहान. टेबलावर काचेचा पेपरवेट, त्याखाली कागद नाही.

दोन रस्ते, म्हणाल्या. एक — आत्ताच रेडिएशन घ्या, पेशी उरल्या असोत नसोत. दुसरा — दर तीन महिन्यांनी रक्त तपासा, आकडा वर सरकू लागला की मग घ्या. पूर्वी पहिलाच रस्ता दाखवायचे. आता असं दिसतं की नीट लक्ष ठेवून थांबलं तर बहुतेकांचं काही बिघडत नाही. बऱ्याच जणांना रेडिएशन लागतच नाही.

"बहुतेकांचं" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. बायकोने दोन्ही वेळा माझ्याकडे पाहिलं.

घेतलं तर काय जाईल, मी विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. लघवीवरचा ताबा हळूहळू परत येतोय, तो आहे तिथेच अडेल. थोडा मागेही जाईल कदाचित. आतडी कुरकुर करतील. "आणि ते दुसरं." तिथल्या नसांना सावरायला वर्ष-दोन वर्षं लागतात. रेडिएशनने ती आशा कमी होते.

बायकोने पेपरवेट उचलला. खाली ठेवला.

निघताना विचारलंच — प्रोस्टेट तर काढून टाकली. मग रेडिएशन देणार कशावर?

"ती होती त्या जागेवर."

रिकाम्या जागेवर! मी आयुष्यभर दुसरं काय केलं? नट बाहेर चहा पीत असतात आणि आम्ही शिडीवरून मोकळ्या रंगमंचावर दिवे लावत असतो. इथे कोणीतरी येऊन उभं राहणार, या भरवशावर. इथे उलट. कोणी मागे राहिलं असेल, या भीतीवर.

१० मे

"घेऊन टाक," बायको म्हणाली. "दूध उतू जायची वाट बघत शेगडीपाशी कशाला बसायचं? गॅस बंद कर."

"दूध आहे की नाही तेच माहीत नाही."

"मग पातेलं तरी उतरव!"

ती आमच्याच थिएटरच्या कपडेपटाचं शिवणकाम करते. दोनदा मोजते, पण मोजून झालं की कात्री चालवते. मी दिवेवाला. पडदा उघडेपर्यंत बदलत बसतो.

थांबायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

१८ मे

इथे लिहायला काय हरकत आहे. थांबण्याचं कारण मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं ते नाही.

ऑपरेशननंतर चादर ओली व्हायची. मी घडीची खाट आणली आणि बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. कोरडा होईपर्यंत, असं म्हणालो. ती "बरं" म्हणाली. खाट अरुंद आहे. वर प्लास्टिक, त्यावर चादर. कूस बदलली की कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. भिंतीपलीकडे तिला ऐकू जात असणार.

आता कोरडा होत चाललोय. झालो की आत जायचं. रेडिएशनने ते लांबलं तर?

एवढंच कारण. कॅन्सरसमोर फार लहान वाटतं. पण आहे ते आहे.

२ जुलै

एक पॅड. संध्याकाळी काढला तेव्हा कोरडा! शिंक आली की मात्र — असो. शिंकायचं नाही.

११ ऑगस्ट

०.०५.

"फार लहान आकडा आहे," डॉक्टरीणबाई. "यावरून काही ठरवायचं नाही. पण विसरायचंही नाही."

घरी आल्यावर बायको बोलली. "सुंठीवाचून खोकला जाईल म्हणून बसलायस ना? बस."

३० ऑगस्ट

पॅडशिवाय आठवडा झाला. शिडी चढलो, उतरलो, खोकलो, दोन कप चहा प्यायलो. काही नाही. रस्त्यात एका अनोळखी माणसाला कारण नसताना नमस्कार केला.

खाट बाहेरच आहे.

६ सप्टेंबर

आत जायचं ठरवलं होतं. उशी काखेत मारली. दारापर्यंत गेलो. ती पलंगावर बसून कुठल्याशा अंगरख्याला बटणं लावत होती. माझ्या उशीकडे पाहिलं. "अभ्रा बदलायचाय?"

"हो," म्हणालो. तिने बदलून दिला. मी परत आलो.

कोरडा तर झालो. पण आत जाऊन काय? त्या नसा झोपलेल्याच आहेत. तिच्या शेजारी आडवं व्हायचं, दोघांनी छत बघायचं, आणि कोण आधी कूस बदलतं त्याची वाट बघायची? ओली चादर हे निदान सांगता येण्यासारखं कारण होतं.

ती विचारत नाही. मी सांगत नाही. झाकली मूठ.

१० नोव्हेंबर

०.१२.

डॉक्टरीणबाईंनी पेपरवेट बाजूला सारून कागदावर दोन टिंबं काढली आणि रेघ ओढली. रेघ वर जाते आहे. कुठेतरी थोड्या पेशी आहेत. बहुधा त्या जागेतच. आकडा लहान असतानाच घेतलं तर उपयोग जास्त. स्कॅनमध्ये दुसरीकडे काही दिसलं नाही, तर आता थांबू नका.

"अजून एकदा तपासून पाहिलं तर? नवं नाटक उभं राहतंय. मे महिन्यापासून इतक्या मुश्किलीने —"

"तुम्ही थांबलात ते चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "आता थांबलात तर चुकेल."

११ नोव्हेंबर

दिवसभर तळ्यात-मळ्यात. संध्याकाळी बायकोला म्हटलं, एक तपासणी अजून. तीनच महिने. आत्ता कुठे कोरडा झालोय.

तिने मशीन थांबवलं. चाकावर हात ठेवून.

"कोरड्या नवऱ्याचं मी काय लोणचं घालू?"

मी हसायला लागलो. ती हसली नाही.

"मला नवरा हवाय. कोरडा असं मी कधी म्हटलं? ते तू म्हणालास."

मशीन पुन्हा सुरू.

१२ नोव्हेंबर

हो म्हणून कळवलं.

२४ नोव्हेंबर

स्कॅन स्वच्छ. आज मापं घेतली. टेबलावर निजवलं, भिंतीतून हिरव्या रेषा अंगावर आल्या, आणि त्या जिथे छेदल्या तिथे सुईने शाईचे ठिपके टोचले. दोन बाजूंना दोन, एक पोटाखाली. तिळाएवढे. रोज हेच ठिपके रेषांखाली आणायचे.

आम्ही रंगमंचावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवतो — नटाने कुठे उभं राहायचं त्याच्या खुणा. नाटक संपलं की खरवडून काढतो. हे राहणार.

यंत्र चालवणारी मुलगी माझ्या भाचीएवढी असेल. मला काका म्हणते. रोज येण्याआधी पोट साफ हवं, म्हणाली. आल्यावर तीन पेले पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. मूत्राशय भरलेलं असलं की वर सरकतं, आतडी बाजूला होतात, झळ कमी लागते.

धरून ठेवायचं! ज्याला सहा महिने धरता येत नव्हतं त्याला सांगतात, भरून घे आणि धर. कोणाची तरी विनोदबुद्धी चांगली आहे.

१ डिसेंबर

पहिला दिवस. साडेसहा आठवडे चालणार, शनिवार-रविवार सुट्टी.

बाहेर बाकावर आम्ही चौघं-पाचजण, प्रत्येकाच्या हातात पेला. कोणी पाय हलवतंय, कोणी डोळे मिटून बसलंय. माझ्या शेजारी जाडजूड मिशांचा एक गृहस्थ, निवांत. बस चालवायचा, आता निवृत्त.

"आमच्या धंद्यात धरून ठेवणं ही नोकरीची पहिली अट," म्हणाला. "डेपो ते डेपो. ऑपरेशनने नोकरीच गेली ती!"

"आता?"

"आता पुन्हा भरती. तुम्ही किती प्यायलात?"

"तीन."

"चौथा पिऊ नका. नवे लोक उत्साहात चौथा पितात."

मी चौथा प्यायलो होतो.

२ डिसेंबर

ड्रायव्हरला आत नेलं आणि लगेच बाहेर पाठवलं. आधी फोटो काढतात. पोटात हवा दिसली. "फिरून या, काका, मोकळे होऊन या." तो पूर्ण व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता, प्रत्येक फेरीला आम्हाला अहवाल देत. "अजून सिग्नल नाही!" चौथ्या फेरीला आवाज आला. बाकावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हसताना मला सांभाळावं लागलं.

५ डिसेंबर

लिहू की नको.

टेबलावर होतो. रेषा आल्या. मला मान न उचलता दिसतं, सवयीची नजर आहे — उजवीकडची रेषा ठिपक्यापासून बोटभर लांब पडली होती. ती मुलगी आणि तिची जोडीदारीण अजून आकडे वाचत होत्या. मी हळूच कंबर उचलून सरकलो. रेषेखाली गेलो. बरोबर ठिपक्यावर!

"काका! हललात?"

"रेष चुकली होती. मी आलो जागेवर."

"मदत करू नका, काका! तुम्ही सरकलात की आतलं सगळं वळतं. तुम्ही फक्त पडून राहा. आम्ही सरकवतो."

पुन्हा मापं, पुन्हा फोटो. यात पाणी धरायची वेळ टळली. धरलं. धरलं. मग नाही धरता आलं. टेबलावर. गरम, मग गार. दिवे पूर्ण लागलेले.

त्या मुलीने पुसलं, कागद बदलला, पायांवर चादर टाकली. "पाणी पिऊन पुन्हा बसा. तुमच्यानंतर दोघं आहेत, मग घेते." जणू पेला सांडला होता.

प्रत्येक नटावर मी हेच ओरडत आलो. अंधारात कशाला उभा राहतोस, प्रकाशात ये! चांगला नट उजेडाची ऊब गालावर ओळखतो आणि अर्धं पाऊल सरकतो. मी चांगला नट निघालो. इथे नको आहे तो.

घरी बायकोला सांगणार नव्हतो. सांगितलं. कंबर उचलण्यापर्यंत ती गंभीर होती. "मी आलो जागेवर" ऐकलं आणि फुटली! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मशीनवर डोकं टेकून. मग मीही. पुढचं, ओलं झाल्याचं, हसण्यातच सांगून टाकलं. तिने हसणं थांबवलं नाही. त्याचं बरं वाटलं.

"मदत करू नका, काका," ती जेवताना पुन्हा म्हणाली. मीठ द्यायला उठलो होतो.

१२ डिसेंबर

पोत्यासारखं पडायला शिकतोय. सोपं नाही. अंगाखालच्या चादरीची कड धरून मला ओढतात, तेव्हा स्नायू आपोआप पुढाकार घेतात. मनात म्हणतो — तू सामान आहेस. सामान.

मग सगळे बाहेर जातात. जाड दार लागतं. यंत्र माझ्याभोवती फिरतं. काही दिसत नाही, काही जाणवत नाही. उजेड नसलेला उजेड. मी उगीच त्या रिकाम्या जागेचा विचार करतो. तिथे कोण लपलंय ते कोणालाच माहीत नाही. तरी रोज, त्याच कोनातून.

१९ डिसेंबर

बायकोने रेनकोटचं कापड आणलंय. जाड, आतून रबरी. बरंच आहे.

"कशाला?"

"कव्हर."

"कशाचं?"

"तू तुझे दिवे बघ."

नव्या नाटकात पावसाचा प्रवेश आहे. त्याचंच असेल काही.

२३ डिसेंबर

परत पॅड. दोन. जळजळ होते, सारखं जावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, अपेक्षित आहे, बहुतेकांचं ओसरतं. बहुतेकांचं!

तालमीत दहादा उठलो. शेवटी दिग्दर्शक अंधारातून ओरडला, "कुठे जातोस रे सारखा?"

"पाणी सोडायला."

"ठीक आहे. दुसऱ्या अंकात एक लांब ब्लॅकआउट टाकू."

टाकला. नाटकाला तो बरा दिसतो.

२७ डिसेंबर

ती बाथरूममध्ये बादलीवर ते कापड ताणून धरून बसली होती. दोन पन्हे जोडलेली मधली शिवण. वर तांब्याने पाणी ओतत होती आणि खालून बोट फिरवत होती.

"गळते?"

"शिवण म्हटली की गळणार. सुईने भोक पडतंच." ओठ चावून बघत राहिली. "शिवण मधे घेऊन चालायचं नाही."

सगळं उसवलं.

५ जानेवारी

थकवा. पायात वाळू भरल्यासारखा. दुपारी खाटेवर पडलो, उठलो तो अंधार झाला होता.

ती अंगावर पांघरूण घालून गेली होती. कधी ते कळलं नाही.

१४ जानेवारी

शेवटचा दिवस. ड्रायव्हरचा शेवटचा दिवस कालच होता, तरी तो आज आला होता. नुसता बसायला. हातात पेला होता. "सवय," म्हणाला.

त्या मुलीला म्हटलं, आज अजिबात हललो नाही. "हो ना," ती म्हणाली, "आता जमायला लागलं आणि चाललात!"

आकडा तीन महिन्यांनी बघायचा. त्याआधी बघून काही कळत नाही. पुन्हा थांबणं. या वेळी दुसरा रस्ता नाही.

२ फेब्रुवारी

नाटक उघडलं. पहिल्या अंकाच्या शेवटी दाराच्या चौकटीवर एक उभा प्रकाश आहे. कोणी येत नाही. दार उघडं आणि प्रकाश, बस. मी तो दिग्दर्शकाने सांगितला त्याहून जरा जास्त वेळ ठेवला. प्रेक्षक वाट बघत राहिले.

घरी येताना बायकोने विचारलं, "कोण यायचं होतं तिथे?"

"कोणी नाही."

"मग उगाच बिचाऱ्या दाराला कशाला उभं केलंस?"

२० मार्च

एक पॅड. दिवसा कोरडा, रात्रीचा भरवसा नाही. जळजळ गेली.

खाटेच्या मधल्या पट्ट्या सैल झाल्यात. मी बरोबर मधे खोलगट पडतो. बायकोने पाहिलं. नवी आणू का, मी विचारलं. "नको," म्हणाली. "हिची वेळ झालीय."

१७ एप्रिल

सकाळी रक्त दिलं. अहवाल उद्या दुपारी.

माझा मी विचार करून पाहिला. आकडा वर गेला असेल तर औषधं, इंजेक्शनं, पुढचं पुढे. खाली आला असेल तर — तर आत जायला निमित्त मिळेल. बरी बातमी हातात घेऊन दारात उभं राहता येईल. रिकाम्या हाताने नाही.

म्हणजे मी अजूनही तोच. आधी कोरडा होऊ दे. मग आकडा येऊ दे.

१८ एप्रिल

०.०४. खाली! "दिशा बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लक्ष ठेवत राहू." अहवाल घडी करून खिशात ठेवला. वाक्य जुळवत जुळवत घरी आलो.

बाहेरच्या खोलीत खाट नव्हती. जिन्याखाली, दोरीने बांधून ठेवलेली.

आत पलंगावर रेनकोटचं कापड. या कडेपासून त्या कडेपर्यंत, कोपऱ्यांना इलॅस्टिक. अख्खा पन्हा मधोमध. शिवणी दोन, दोन्ही टोकांना, जिथे कोणी झोपणार नाही. ती वरची चादर खोचत होती. आकडा विचारला नाही.

मी पुढे होऊन चादरीचं दुसरं टोक धरायला गेलो.

"मदत करू नका, काका," ती म्हणाली. "पडून राहा. मी सरकवते."